मराठी ब्रेल आपल्या हाताने: पाटीपासून ताटापर्यंत डोळसांनी शिकायच्या गोष्टी

रोज अर्धा तास दिला, तर मराठी ब्रेल, म्हणजे उठावाच्या ठिपक्यांची लिपी, डोळ्यांनी ओळखायला दोन-तीन आठवडे पुरतात. बोटांनी वाचण्याचे कसब वेगळे, त्याला कित्येक महिने लागतात. पण दृष्टिहीन मुलाच्या आईवडिलांना, त्याच्या शिक्षकाला किंवा उतारवयात नजर गेलेल्या माणसाच्या घरच्यांना बोटांनी वाचायची गरजच नसते. मुलाने काय लिहिले ते पाहता यावे, डब्यावर ‘साखर’ अशी चिठ्ठी लावता यावी, एवढे जमले तरी खूप झाले.

‘मोबाइल सगळे वाचून दाखवतो, मग ब्रेल कशाला?’ हा प्रश्न हमखास येतो. मोबाइल वाचतो हे खरे, पण तो कानाला वाचून दाखवतो. केवळ ऐकून शिकलेल्या मुलाला ‘पाणी’तला णी दीर्घ आहे हे कळत नाही, ‘स्त्री’त किती अक्षरे जोडली आहेत हेही कळत नाही. तोंडी उत्तरे चोख देणारे मूल लिहायला बसले की शुद्धलेखनात अडते, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. गणिताची मांडणी, कवितेच्या ओळी, फोन नंबर, भाषणाचे मुद्दे या गोष्टी हाताखाली असाव्या लागतात. म्हणून मुलांच्या बाबतीत ब्रेल आणि मोबाइल दोन्ही हवेत. साठीनंतर नजर गेलेल्या माणसाने आधी मोबाइल आणि पांढरी काठी वापरायला शिकावे, ब्रेल डब्यांच्या चिठ्ठ्यांपुरते शिकले तरी चालते.

सहा ठिपके

लुई ब्रेल १८०९ साली पॅरिसजवळच्या कूव्रे गावी जन्मला. वडील घोड्याचे साज शिवत. तीन वर्षांचा असताना त्यांच्या कारखान्यातल्या आरीने त्याच्या डोळ्याला इजा झाली आणि पुढे दोन्ही डोळे गेले. शार्ल बार्बिये नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने बारा ठिपक्यांची लिपी काढली होती. पण एका बोटाच्या टोकाखाली बारा ठिपके मावत नाहीत. ब्रेलने ते सहावर आणले. १८२४ पर्यंत त्याची मांडणी तयार झाली आणि १८२९ मध्ये ती छापून आली. भारतात आधी भाषागणिक वेगवेगळ्या ब्रेल लिप्या होत्या. १९५१ पासून सगळ्या भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ही एकच पद्धत रूढ झाली. त्यामुळे मराठीतला ‘क’, गुजरातीतला ‘क’ आणि तमिळमधला ‘क’ ब्रेलमध्ये एकच.

एका घरात, म्हणजे एका खुणेच्या जागेत, दोन उभ्या रांगा असतात. डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे वरून खाली ४, ५, ६. ठिपक्यांमधले अंतर सुमारे अडीच मिलिमीटर, उंची अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. सहांतून ६३ खुणा होतात, मोकळे घर म्हणजे दोन शब्दांमधली जागा. पहिले दोन-तीन दिवस अक्षरे सोडा आणि फक्त हे आकडे पाठ करा. सहा अंड्यांचा ट्रे उभा धरून त्यात गोट्या टाकायच्या आणि ‘एक-तीन’, ‘दोन-चार’ असे मोठ्याने म्हणायचे. लहान मुलांनाही असेच शिकवतात.

आता अक्षरे.

स्वर: अ १, आ ३-४-५, इ २-४, ई ३-५, उ १-३-६, ऊ १-२-५-६, ए १-५, ऐ ३-४, ओ १-३-५, औ २-४-६. ऋ दोन घरे घेतो: आधी ५, मग १-२-३-५. अनुस्वार ५-६, विसर्ग ६.

क १-३, ख ४-६, ग १-२-४-५, घ १-२-६, ङ ३-४-६.
च १-४, छ १-६, ज २-४-५, झ ३-५-६, ञ २-५.
ट २-३-४-५-६, ठ २-४-५-६, ड १-२-४-६, ढ १-२-३-४-५-६, ण ३-४-५-६.
त २-३-४-५, थ १-४-५-६, द १-४-५, ध २-३-४-६, न १-३-४-५.
प १-२-३-४, फ २-३-५, ब १-२, भ ४-५, म १-३-४.
य १-३-४-५-६, र १-२-३-५, ल १-२-३, व १-२-३-६, श १-४-६, ष १-२-३-४-६, स २-३-४, ह १-२-५, ळ ४-५-६, क्ष १-२-३-४-५, ज्ञ १-५-६.

हे सगळे एकदम पाठ करायला जाऊ नका, आणि बाराखडीच्या क्रमानेही नको. अ, ब, क, ल, च, म, आ ही सात अक्षरे घ्या. तेवढ्यात ‘बाबा’, ‘काल’, ‘मका’, ‘चमचा’, ‘कमल’ एवढे शब्द लिहिता येतात. मग र, न, स, त, प, ई, ए. ज्यांना इंग्रजी ब्रेल येते त्यांना वीसेक अक्षरे आयती मिळतात, कारण ब, म, ल, र, स यांसारख्या अक्षरांच्या खुणा त्या उच्चाराच्या इंग्रजी अक्षरांच्याच आहेत.

छापील मराठीपेक्षा वेगळे काय

ब्रेलमध्ये काना-मात्रा नाहीत. व्यंजनापुढे सरळ तो स्वर लिहायचा: ‘का’ म्हणजे क आणि आ, ‘पुणे’ म्हणजे प, उ, ण, ए. व्यंजनापुढे काही नसेल तर त्यात ‘अ’ धरलेलाच असतो, म्हणून ‘कमल’ला तीन घरे पुरतात. डोळस माणसाला इथे नवल वाटते ते पहिल्या वेलांटीचे. कागदावर ‘कि’ लिहिताना वेलांटी कच्या आधी येते, ब्रेलमध्ये बोलण्याच्या क्रमाने आधी क आणि मग इ. ‘किती’ म्हणजे १-३, २-४, २-३-४-५, ३-५.

जोडाक्षरासाठी ४ हा एकटा ठिपका हलन्ताचे काम करतो. तो ज्या व्यंजनाचा पाय मोडायचा त्याच्या आधी येतो. छापील लिपीत हलन्त नंतर येतो, त्यामुळे नवशिक्या डोळसाची पहिली चूक इथेच होते. ‘रस्ता’ असा लिहा: र, मग ४, मग स, त, आ. ‘स्त्री’मध्ये दोन व्यंजने मोडायची, म्हणून ४, स, ४, त, र, ई. ‘चक्र’ आणि ‘कर्म’ यांतले र कागदावर दोन रूपांत दिसतात, ब्रेलमध्ये दोन्हीकडे १-२-३-५ हाच र. ‘चक्र’ म्हणजे च, ४, क, र आणि ‘कर्म’ म्हणजे क, ४, र, म. रफाराची भीती इथे नाही, जे आधी उच्चारले ते आधी लिहायचे. क्ष आणि ज्ञ यांना मात्र स्वतःची खूण आहे, ते जोडून लिहायचे नाहीत.

एक बारीक नियम शिक्षकही विसरतात. ‘मऊ’ हा शब्द म आणि ऊ असा लिहिला तर वाचणारा तो ‘मू’ वाचेल. अकारान्त व्यंजनापुढे स्वतंत्र स्वर येत असेल तर मध्ये अ लिहावाच लागतो: म, अ, ऊ. तसेच ‘सई’: स, अ, ई. ‘जाऊन’मध्ये ही अडचण नाही, कारण आ आधीच लिहिलेला आहे.

आकड्यांच्या आधी ३-४-५-६ ही खूण. पुढे १ ते ९ साठी अनुक्रमे १, १-२, १-४, १-४-५, १-५, १-२-४, १-२-४-५, १-२-५, २-४ आणि शून्याला २-४-५. ही आकड्याची खूण म्हणजे ण अक्षरच. गोंधळ होत नाही, कारण ण सहसा शब्दाच्या मध्ये किंवा शेवटी येतो. पूर्णविराम २-५-६, स्वल्पविराम २.

पाटीवर लिहिणे

लागणारे सामान: ब्रेल पाटी, स्टायलस म्हणजे लाकडी किंवा प्लास्टिक मुठीची बोथट टोचणी, आणि जाड कागद. कागद १२० ते १६० जीएसएमचा (एका चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन) घ्यावा. झेरॉक्सचा कागद ७०-८० जीएसएमचा असतो, त्यात टोचणी आरपार जाते आणि उठलेला ठिपका दोनदा वाचला की बसतो. सरावासाठी जुन्या कॅलेंडरची पाने फुकट मिळतात आणि ती जाडीला बरी असतात. शाळेची मोठी पाटी म्हणजे एक फळी. वर कागद पकडायची खटकी, दोन्ही कडांना भोके, आणि त्या भोकांत खिळे बसवून खाली सरकवायची धातूची पट्टी. पट्टीच्या वरच्या पत्र्यात खिडक्या असतात, खालच्या पत्र्यात प्रत्येक खिडकीखाली सहा खळगे. खिशात मावणारी चार ओळींची पाटीही मिळते, चिठ्ठ्यांसाठी तीच सोयीची.

कागद खटकीत सरळ लावा. तिरका लागला तर खालच्या ओळी पट्टीबाहेर जातात. पट्टी उघडून कागदाखाली घाला, बंद करा, खिळे वरच्या भोकांत बसवा. टोचणीची मूठ तर्जनीच्या मधल्या पेराशी टेकवा आणि टोचणी उभी धरा. पेनासारखी तिरकी धरली की ठिपका ओघळतो आणि कागद फाटतो. खळग्यात टोक बसले की दाबा, ‘टप्’ असा आवाज आला की पुरे. दुसऱ्या हाताची तर्जनी पुढच्या खिडकीवर ठेवा, म्हणजे घर चुकत नाही.

आता मुख्य गोष्ट. ठिपका कागदाच्या मागच्या बाजूला उठतो. म्हणून पाटीवर उजवीकडून डावीकडे लिहायचे आणि घरही उलटे धरायचे: १, २, ३ उजव्या रांगेत, ४, ५, ६ डाव्या. कागद काढून उलटला की सगळे डावीकडून उजवीकडे सरळ वाचता येते. यावर उपाय एकच: लिहिताना ‘डावे-उजवे’ असा विचार न करता ‘पहिली रांग, दुसरी रांग’ असा करायचा. हात ज्या बाजूने येतो ती पहिली. लिहिताना पहिली रांग उजवी, वाचताना पहिली रांग डावी, आकडे मात्र तेच. लहान मुले हे चटकन उचलतात. मोठ्यांनाच आरशातली चित्रे डोळ्यांपुढे आणायची खोड असते, म्हणून ते अडतात.

घर उलटे करायचे विसरलात तर कोरा गोंधळ होत नाही, दुसरेच अक्षर तयार होते. क चा ख होतो, ब चा भ, ल चा ळ, ओ चा औ, इ चा ए, ह चा ज, र चा ठ, न चा ड, म चा श, प चा थ, व चा ण, आणि प्रत्येक जोडी उलट दिशेनेही तशीच. च आणि ग दोन्हीकडून सारखे, त्यामुळे त्यांत चूक कळतच नाही. मुलाच्या वहीत ‘लोक’च्या जागी ‘ळौख’ आले असेल तर त्याला शुद्धलेखन येत नाही असा अर्थ काढू नका, त्याची रांग उलटली आहे. याच जोड्या वाचनातही फसवतात, म्हणून सराव देताना क आणि ख, ब आणि भ एकाच दिवशी शिकवू नयेत. चार्टमध्ये शेजारी आहेत म्हणून शिकवले जातात आणि मूल महिनाभर चाचपडते.

चुकलेला ठिपका पुसायचा तर कागद उलटून टोचणीच्या मागच्या गोल टोकाने तो दाबून बसवायचा. पूर्ण सपाट होत नाही, थोडा व्रण राहतो. चूक लांबलचक असेल तर चुकलेल्या शब्दावर सगळी घरे सहाही ठिपक्यांनी भरून टाकावीत, वाचणाऱ्याला खोडलेले कळते.

पर्किन्स ब्रेलर हे यंत्र १९५१ मध्ये आले. मध्ये जागेची कळ, तिच्या डावीकडे आतून बाहेर १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. एका अक्षराच्या सगळ्या कळा एकदम दाबायच्या. ठिपके वरच्या बाजूला उठतात, लिहिता लिहिता वाचता येते, उलटे काही नाही. पण ते जड आणि महाग आहे, बसने शाळेत जाणाऱ्या मुलाला दप्तरातून नेता येत नाही. म्हणून पाटी हवीच.

गणितासाठी आपल्याकडच्या शाळांत टेलर फ्रेम ही भोकांची चौकट वापरतात. आठ कोनांच्या चांदणीसारख्या भोकांत शिशाचे खिळे बसवायचे. खिळ्याच्या एका टोकाला आडवी कड, दुसऱ्या टोकाला दोन टोके. खिळा आठ दिशांना फिरतो आणि उलटा करता येतो, म्हणजे सोळा खुणा. उभी मांडणी, हातचा, भागाकार हे त्यावर जसेच्या तसे करता येते. कागदावर ब्रेलमध्ये ते करणे कंटाळवाणे होते.

बोटांनी वाचताना

तर्जनीची गादी, म्हणजे नखाच्या मागचा मऊ भाग, वापरायची. बोट डावीकडून उजवीकडे हलके सरकले पाहिजे. दाबले की संवेदना बोथटते, आणि एकेका ठिपक्यावर वरखाली घासले की अक्षराचा आकार हरवून मूल ठिपके मोजू लागते. मोजण्याची सवय लागली की वेग वाढत नाही, म्हणून ती सुरुवातीलाच तोडावी. दोन्ही हातांनी वाचावे: उजवा ओळ संपवतो, तोवर डावा खालच्या ओळीच्या सुरुवातीला पोचतो. अक्षरांच्या आधी बोटांची तयारी लागते. तूर, हरभरा, मूग वेगळे करणे, दोऱ्याची रेघ बोटाने चालणे, खरखरीत आणि गुळगुळीत कागद ओळखणे हे घरच्या घरी होते.

मधुमेहाने नजर गेलेल्यांच्या बोटांची संवेदनाही बऱ्याचदा कमी झालेली असते. त्यांच्या बोटांना नेहमीच्या आकाराचे ब्रेल कळत नाही म्हणून ते स्वतःला मठ्ठ समजू लागतात. ठिपक्यांचे अंतर मोठे असलेले ब्रेल, दुसरे बोट वापरून पाहणे, किंवा सरळ आवाजाकडे वळणे हे उपाय. रोज ओलावलेल्या किंवा घट्टे पडलेल्या हातांचेही तसेच.

ब्रेल पुस्तक घेताना जागेचा विचार करा. छापील एका पानाची ब्रेलमध्ये दोन-तीन पाने होतात. ती उभी ठेवायची, एकावर एक रचली की ठिपके दबतात.

कोणाला किती दिसते

दृष्टिहीन म्हणजे ठार काळोख असे क्वचितच असते. बऱ्याच जणांना उजेड कळतो, काहींना समोरची मोठी वस्तू, काहींना फक्त मधला छोटा गोल. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ नुसार चांगल्या डोळ्याची नजर, चष्म्यासह, ३/६० पेक्षा कमी किंवा दृष्टिक्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असेल तर ती अंधता. ६/१८ पासून ३/६० पर्यंत, किंवा क्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी ते १० अंशांपर्यंत असेल तर अल्पदृष्टी. ३/६० म्हणजे चांगली नजर ६० मीटरवरून वाचते ते अक्षर ३ मीटरवर यावे लागते. घरच्यांनी हे समजून घ्यावे, कारण बोगद्यातून पाहिल्यासारखे दिसणारा माणूस वर्तमानपत्र वाचतो आणि पायाखालच्या खुर्चीला अडखळतो. त्याला ‘सोंग करतो’ म्हणणारे नातेवाईक सगळीकडे भेटतात.

अल्पदृष्टीच्या व्यक्तीला आधी रंगभेद द्या. पांढऱ्या ओट्यावर पांढरा कप दिसत नाही. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या काठावर पिवळी पट्टी मारली तर बल्ब वाढवण्यापेक्षा जास्त उपयोग होतो.

बरोबर चालताना

दृष्टिहीन माणसाचा हात धरून ओढू नका, त्याला तुमचा धरू द्या. तो तुमच्या कोपराच्या जरा वर पकडेल आणि अर्धे पाऊल मागे राहील. तुमचे शरीर वळले, खाली गेले, थांबले की त्याला हातातून कळते. अरुंद जागा आली की हा हात पाठीमागे घ्या, तो आपोआप तुमच्या मागे येईल. पायऱ्यांशी पूर्ण थांबा, ‘पायऱ्या वर’ किंवा ‘पायऱ्या खाली’ असे नेमके सांगा आणि कठडा कोणत्या बाजूला ते सांगा. तुम्ही एक पायरी पुढे राहा, संपल्यावर पुन्हा थांबा. ‘जपून, जपून’ या शब्दाचा काही उपयोग नाही. खड्डा आहे, दगड आहे की कुत्रे झोपले आहे, ते त्यातून कळत नाही. ‘इकडे’, ‘तिथे’ यांचेही तेच.

खुर्चीत बसवायचे नाही, तिच्या पाठीवर त्यांचा हात नेऊन ठेवायचा. रिक्षात चढताना एक हात छताच्या कडेला, एसटीत दाराच्या दांड्याला लावून द्या, बाकीचे ते करतात. मोकळ्या जागेत एकटे सोडून फोन घ्यायला जाऊ नका. भिंत, खांब किंवा खुर्ची हाताला लावून द्या आणि ‘मी जाऊन येतो’ म्हणा. न सांगता उठून गेलेल्या माणसाशी बोलत राहण्याचा ओशाळेपणा रोज वाट्याला येतो. ‘ओळखा पाहू कोण?’ हा खेळही बंद करा, आल्याबरोबर नाव सांगा.

पांढरी काठी उभी धरली तर छातीच्या मधल्या हाडापर्यंत यावी, वेगाने चालणाऱ्याला थोडी लांब चालते. खांद्यांपेक्षा किंचित रुंद अशी ती डावी-उजवी फिरवायची आणि उजवे पाऊल पुढे असताना टोक डावीकडे टेकवायचे, म्हणजे पुढचे पाऊल जिथे पडणार ती जागा आधी तपासली जाते. काठीला कमरेच्या वरचे कळत नाही. फेरीवाल्याच्या ताडपत्रीची दोरी, उभ्या टेंपोतून बाहेर आलेल्या सळ्या, वाकलेली फांदी, खिडकीचे उघडे दार यांनी डोके फुटते. फुटपाथवरच्या पिवळ्या लाद्यांत उभ्या रेघा म्हणजे सरळ चला, गोल उंचवटे म्हणजे थांबा, पुढे वळण किंवा रस्ता आहे. त्यावर मोटरसायकल लावणाऱ्यांना बहुधा ते शोभेचे वाटते. मुंबईच्या लोकल स्थानकांवर दिव्यांगांच्या डब्याजवळ बीप वाजत राहते, त्या आवाजाच्या दिशेने जाऊन उभे राहतात.

घर, ताट, पैसे

घरातला नियम एकच आणि तो डोळसांसाठी आहे: वस्तू हलवली तर सांगा, घेतली तर जागेवर ठेवा. दार पूर्ण उघडे किंवा पूर्ण बंद. अर्धवट दाराची कड कपाळावर बसते, कारण पुढे केलेले दोन हात तिच्या दोन बाजूंनी निघून जातात.

ताट वाढताना घड्याळाच्या काट्यांची पद्धत पुस्तकांत दिलेली असते. मराठी घरात तिची गरज नाही, आपल्या ताटाला आधीच डावी-उजवी बाजू आहे. वर मधोमध मीठ, त्याच्या डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे, उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. रोज तसेच वाढले की सांगावे लागत नाही, बदल असेल तेवढाच सांगायचा.

स्वयंपाक कानाने, नाकाने आणि हाताने होतो. भांडे आधी शेगडीवर मध्यभागी ठेवायचे आणि मग गॅस पेटवायचा, बंद करूनच भांडे उचलायचे. तेल तापले का हे मोहरीचे दोन दाणे टाकून ऐकायचे. तिखट-हळदीच्या डब्यांना ब्रेल चिठ्ठी, किंवा एकाला एक रबरबँड, दुसऱ्याला दोन. चिठ्ठी झाकणावर नको, डब्याच्या अंगावर लावा. झाकणे अदलाबदल होतात.

नोटा लांबीवरून ओळखतात. सध्याच्या मालिकेत १० ची नोट १२३ मिलिमीटर, २० ची १२९, ५० ची १३५, १०० ची १४२, २०० ची १४६, ५०० ची १५०. शंभर, दोनशे, पाचशे यांच्यात फरक फक्त चार-चार मिलिमीटरचा, घाईत तो कळत नाही. शंभरावर उठावाचा त्रिकोण आणि पाचशेवर गोल असतो, कडांना तिरप्या रेघाही असतात, पण वापरलेल्या नोटेवर उठाव झिजतो. म्हणून पाकिटात ठेवतानाच घडी ठरवतात: शंभर सरळ, दोनशेची एक घडी, पाचशेच्या दोन, अशी ज्याची त्याची पद्धत. सुट्टे परत देताना प्रत्येक नोट नाव घेऊन हातात द्या. रिझर्व्ह बँकेचे ‘मनी’ हे ॲप २०२० मध्ये आले. ते कॅमेऱ्याने नोट ओळखून बोलते आणि त्याला इंटरनेट लागत नाही. वीस रुपयांचे नाणे बारा बाजूंचे असल्याने हाताला चटकन कळते.

सहीसाठी जाड पुठ्ठ्यात सहीच्या आकाराची आडवी खिडकी कापा आणि ती कागदावर योग्य जागी ठेवून द्या. अंगठाच हवा असा आग्रह बँकेने धरू नये. चेकबुक, एटीएम, लॉकर या सोयी दृष्टिहीन ग्राहकाला नाकारू नयेत असे रिझर्व्ह बँकेने २००८ मध्येच सर्व बँकांना कळवले आहे.

मोबाइल आणि मजकूर

अँड्रॉइडवर टॉकबॅक हे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे वाचक आतच असते. सेटिंगमध्ये शॉर्टकट चालू केला की आवाजाची दोन्ही बटणे तीन सेकंद दाबून ते सुरू-बंद होते. बोट सरकवले की त्याखालचे नाव ऐकू येते, उजवीकडे झटका दिला की पुढची गोष्ट, कुठेही दोनदा टिचकी मारली की निवडलेली उघडते. यादी सरकवायला दोन बोटे. नवशिक्याला फोन बिघडला असे वाटते, कारण एका टिचकीने काहीच उघडत नाही. मराठी आवाज निवडायला विसरू नका, नाहीतर इंग्रजी आवाज देवनागरी मजकूर गाळून पुढे जातो. संगणकावर एनव्हीडीए हा वाचक फुकट आहे आणि त्यात मराठी आहे.

डोळसांकडून इथे मोठी अडचण होते ती जुन्या फॉन्टमुळे. युनिकोड म्हणजे सगळ्या यंत्रांवर चालणारी अक्षरांची एकच पद्धत. तिच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेले परिपत्रक किंवा प्रश्नसंच पडद्यावर मराठी दिसतो, पण आत इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे असतात, आणि वाचक तीच बडबडतो. मजकूर युनिकोडमध्ये बदलूनच पाठवा. तपासायची सोपी रीत: मजकूर कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये चिकटवा, मराठी राहिला तर ठीक. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे फोटोच, तिच्यातून काही ऐकू येत नाही.

पुस्तकांसाठी सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ पासून आहे. ज्यांना छापील मजकूर वाचता येत नाही ते सभासद होऊ शकतात. हवे ते पुस्तक तिथे नसेल तर तुम्ही ते टाइप करून किंवा वाचून ध्वनिमुद्रित करून दृष्टिहीन विद्यार्थ्याला देऊ शकता. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात त्याला परवानगी लागत नाही. पाटी, टोचणी, टेलर फ्रेम, काठी यांची चौकशी मुंबईतल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडकडे, पुण्यात पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशनकडे किंवा देहरादूनच्या दृष्टिहीनांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेकडे करावी.

परीक्षेला लेखनिक हवा असेल तर अर्ज भरतानाच तसे नोंदवा. प्रत्येक तासामागे किमान २० मिनिटे जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिकाबरोबर आधी दोन-तीन जुने पेपर सोडवून पाहा. आकृतीचा प्रश्न कसा वाचायचा, विरामचिन्हे बोलून सांगायची का, एखादे उत्तर परत वाचून दाखव म्हणजे कुठून, हे ठरलेले नसेल तर पहिला अर्धा तास त्यातच जातो. मतदानाला यंत्रावर उमेदवारांच्या क्रमांकासाठी ब्रेल असते. हवे असल्यास १८ वर्षांवरील सोबती नेता येतो, आणि तो कोण असावा हे मतदार ठरवतो.

लग्नपत्रिका, सोसायटीची नोटीस, शाळेच्या सुट्टीचे पत्रक हे सगळे हल्ली फोटो म्हणूनच फिरते. त्या फोटोखाली तारीख, वेळ आणि पत्ता अशा दोन ओळी टाइप करून टाका. गटात दृष्टिहीन कोणी आहे की नाही, हे आधी विचारत बसू नका.